चिंधूचं वावर

बाबा वायरलेसवर बोलायचे ते उभे राहून, आणि उभे राहायच्या आधी टोपी घालून. समोर कोणीच नसायचं. धरणाच्या भिंतीला लागून पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तिच्यात एक टेबल, टेबलावर राखाडी खोका आणि खोक्यात खरखर. त्या खरखरीतून रोज सकाळी आठला एक माणूस ओरडायचा, "पातळी बोला, पातळी!" बाबा शर्टाचं गळ्याजवळचं बटन लावायचे, पाण्याची पातळी सांगायचे आणि शेवटी "साहेब" म्हणायचे. मी एकदा म्हटलं, त्या माणसाला तुमची टोपी थोडीच दिसते, तर मायनं पाठीत धपाटा घातला. "दिसत नाई, पन समजते त्याईले," ती म्हणाली. माझी साठी उलटून गेली, पेन्शन सुरू झाली, तरी अजून ऑफिसचा फोन आला की मी आधी उभी राहते आणि मग बोलते.

आमचं जुनं धामणखेडा धरणात गेलं तेव्हा मी पाळण्यात होते, म्हणून मला कळतं तेव्हापासूनचं गाव म्हणजे नवंच. मुरमाड माळावर दोरी लावून आखलेल्या रांगा, प्रत्येक घरावर डांबरानं लिहिलेला नंबर आणि रस्त्याच्या तोंडाशी 'पुनर्वसन वसाहत' अशी पाटी. ऊन चढलं की सगळ्या वसाहतीचे पत्रे एकाच वेळी तडतडायला लागत. नव्या विहिरीचं पाणी इतकं खारं की तुरीची डाळ त्यात शिजायची नाही. माय दोन तास चूल फुंकायची आणि ताटात दाणे वेगळे, पाणी वेगळं. म्हणून आमच्याकडं भाकरीबरोबर ठेचा नाहीतर झुणका, आणि डाळ खायची ती रोहण्याला मामाकडं गेल्यावर. या विहिरीबद्दल वरच्या हापिसाला अर्ज जायचे. आठवीत माझं अक्षर बरं निघालं आणि तेव्हापासून सगळ्या वसाहतीचे अर्ज मीच लिहीत असे. विहिरीसाठी, रस्त्यासाठी, बुडालेल्या शाळेच्या बदल्यात शाळा द्या म्हणून. उत्तर एकाचंही आलं नाही. तिकडून कागद यायचे, नाही असं नाही, पण ते आमच्या कागदांची उत्तरं नसायचे. त्यांना काहीतरी हवं असलं की ते लिहायचे. आमच्याकडून रोज त्यांना हवा होता तो फक्त एक आकडा, आणि तो बाबा द्यायचे.

पाण्यात एक रंगवलेली पट्टी उभी होती, हापिसाच्या भाषेत गेज. तिच्यावरचा आकडा बघून सांगणं एवढंच बाबांचं काम. लोक त्यांना गेजवाले देवाजी म्हणत. बाबांना आकडे पक्के यायचे, अक्षरं मात्र एकेक जुळवावी लागत, म्हणून रजिस्टर मी भरायची आणि ते सही ठोकायचे. मी दहावीत होते त्या वर्षी त्यांची रोजंदारी संपून त्यांना परमनंट करायचा कागद वर गेला होता. घरात त्या कागदाचं नाव घ्यायचीही बंदी होती, दृष्ट लागेल म्हणून. माय फक्त 'ते' म्हणायची. 'ते' आलं की घराला फरशी, 'ते' आलं की सुजातेचं कॉलेज. सुजाता म्हणजे मी.

दिवाळी झाली की कालव्यानं पाणी जायला लागायचं आणि धरण उतरायचं. आधी दिसायचा बुडालेल्या जुन्या विहाराच्या पायऱ्यांचा वरचा दगड, मग पाटलाच्या विहिरीचं तोंड, मग तोडलेल्या बाभळींचे काळे खुंट. संक्रांतीच्या आधी एक दिवस सगळी वसाहत त्या खुंटांकडं चालत जायची आणि कोणी न सांगता आपापल्या जागी उभी राहायची. मोजणी नाही, दोरी नाही. पाणी सहा महिने डोक्यावरून जाऊनही प्रत्येकाला आपला धुरा, आपल्या वावराचा बांध, ठाऊक. त्या चिखलाला नांगर लागत नाही. ओल्या गाळात बोटानं भोक पाडायचं आणि हरभऱ्याचे दाणे टाकत पुढं सरकायचं. याला गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची झाली होती, मोबदला मिळाला होता, हे सगळं खरं. पण उघडी पडलेली जमीन रिकामी बघवत नाही, हेही तितकंच खरं. आणि आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. आमच्या गावात वावराला नाव असतं ते ज्यानं पहिल्यांदा झुडपं तोडून ती जमीन काढली त्याचं. तो मरून कितीही वर्षं होवोत, पेरणारा नातू असो की पणतू, वावर सखारामचंच, उकंडूचंच, झिबलचंच. नाल्याच्या काठचा शेवटचा तुकडा चिंधूचा. चिंधू म्हणजे बाबांचा आजा. दुसऱ्यांनी नको म्हणून सोडलेली गोटाड जमीन त्यानं बायकोच्या मदतीनं दगड वेचून काढली. त्याला जन्मभर कोणी नावानं हाक मारली नाही. बाहेरच्यांसाठी तो 'ए' होता. मेल्यावर मात्र वावराच्या निमित्तानं सारं गाव त्याचं नाव घ्यायला लागलं.

त्या वर्षी हरभरा कमरेला लागला होता. माय संध्याकाळी धुतलेलं लुगडं झाडांवर पसरून ठेवायची आणि पहाटे ते दवानं भिजलेलं लुगडं पिळून आंबट पाणी बाटलीत भरायची. त्याला आंब म्हणतात, पोटदुखीवर जालीम. लुगड्याला पुढं भोकं पडतात ती वेगळी गोष्ट. वांगे-सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी रोज व्हायची आणि रोज पुरायची नाही. पायऱ्यांखालच्या वावरात सुभद्राकाकू. माळ्याची बाई, तळेगावच्या बाजारात वांगी विकायची आणि गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय तिचं वांगं पारड्यात पडायचं नाही. "देवाजीभाऊ," ती धुऱ्यावरून ओरडायची, "तुया साहेबाले सांगजो, पानी असंच खाली ठेव म्हना. आमचा हरभरा घाटीवर आला हाये, दाना भरून राह्यला." बाबा हसायचे, पण आधी वायरलेसच्या खोलीकडं बघून घ्यायचे.

अशात एका दुपारी हापिसाचा शिपाई सायकलवरून लिफाफा घेऊन आला. बाबांना वाटलं 'ते' आलं. त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि मला म्हणाले, "वाच बाई, सावकाश वाच." माय चुलीपुढून उठून दारात आली. मी वाचायला लागले. बुडीत क्षेत्रातील अनधिकृत पेऱ्यामुळे जलाशयात गाळ भरत असल्याचं निदर्शनास आलं आहे, सबब असा पेरा करणाऱ्या सर्व इसमांची नावनिशीवार यादी आठ दिवसांत सादर करावी, उभे पीक मोडून टाकण्यात येईल, यात कसूर झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल. मी थांबले. बाबांनी विचारलं, "कसूर म्हंजे काय वं?"

"चूक. हयगय."

"मंग म्या काय हयगय केली?"

"केली नाही बाबा. केली तर, असं आहे."

ते मटकन खाटेवर बसले. टोपी डोक्यावर तशीच. जिथं गाळ भरतो म्हणतात तिथं तो कागद लिहिणारा माणूस कधी येऊन गेला नव्हता. गाळ वरच्या डोंगरातून पावसाबरोबर येतो, आमच्या हरभऱ्यामुळं नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोर सांगू शकलं असतं. पण विचारलं कोणी? मायनं एवढंच म्हटलं, "यादी देली तं गाव थुंकन. नाई देली तं 'ते' गेलं." मग ती चुलीपुढं जाऊन बसली आणि त्या दिवशी आमच्याकडची भाकर पहिल्यांदा करपली.

सात दिवस बाबा जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. सातव्या दिवशी शाळेतून आले तर ते कागद आणि पेन पुढ्यात ठेवून माझी वाट बघत बसलेले. "लिही," म्हणाले आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी ते खाली उतरले, पायऱ्यांपासून सुरुवात करून धुऱ्याधुऱ्यानं चालायला लागले. "पायऱ्याच्या खालचं, सखारामचं. त्याले लागून उकंडूचं. इहिरीच्या अलीकडं झिबलचं." मी लिहीत गेले. सखाराम, राहणार धामणखेडा. उकंडू, राहणार धामणखेडा. आज हे सांगताना लोक मला विचारतात की तुला कळलं नाही का, ही सगळी मेलेली माणसं आहेत म्हणून. खरं सांगते, नाही कळलं. ती माझ्यासाठी माणसं नव्हतीच, वावरं होती. रस्त्याला रस्ता म्हणावा तसं सखारामला सखाराम. बाबांना कळलं होतं का? ते जाईपर्यंत मी त्यांना विचारत राहिले आणि ते एकच उत्तर देत राहिले, "हापिसानं इचारलं कोनाचं वावर, म्या सांगतलं ज्याचं त्याचं." यावरून तुम्ही काय समजायचं ते समजा, मी अजून ठरवलेलं नाही.

पण एक गोष्ट मी मुद्दाम केली आणि ती सांगायलाच हे प्रकरण लिहिते आहे. शेवटी बाबा म्हणाले, "नाल्याच्या काठचं, चिंधूचं." त्यांचे डोळे मिटलेले होते. माझं पेन कागदावर टेकलं. यादी देणाऱ्याचंच वावर यादीत निघालं तर, असं मनात आलं आणि माझ्या डोळ्यांसमोर पोलीस आले, बाबांच्या हातातला सहीचा कागद आला, न आलेली फरशी आली, न बघितलेलं कॉलेज आलं. मी पेन उचललं. कागदावर नुसता एक निळा ठिपका राहिला. "लिवलं?" बाबांनी विचारलं. "लिहिलं," मी म्हणाले. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर कोरून.

पुढचे तीन आठवडे मला झोप म्हणून लागली नाही. सायकलची घंटा वाजली की मी दाराआडून रस्त्याकडं बघायची. तळेगावच्या शाळेत इतिहासाच्या बाईंनी दिलेल्या प्रश्नाचं उत्तर मी पाठ करत होते, वसाहतवाल्यांनी समुद्रापलीकडच्या राजाविरुद्ध बंड का केले, पाच कारणे लिहा. कर, चहा, कायदे, फौजा. पाचवं कारण मी दर वेळी विसरायची. येता-जाता 'वसाहत' लिहिलेल्या आमच्याच पाटीखालून मी सायकल न्यायची, पण या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या मनात एकच होतं, बाबांची यादी खोटी आहे आणि ती खोटी मी केली आहे.

मग शिपाई नोटिसांचा गठ्ठा घेऊन आला. वसाहतीतल्या नव्या विहारापुढच्या कडुनिंबाखाली लोक जमले आणि तो एकेक नाव पुकारायला लागला.

"सखाराम!"

कोणी हललं नाही.

"सखाराम, राहणार धामणखेडा! अरे कोण आहे, घ्या ना भाऊ. मले पुढं जायाचं हाये."

सुभद्राकाकू पुढं आली. "सखाराम माया आजसासरा. त्याले जाऊन तीस वर्सं झाली. तुया साहेबाले पायजे असन तं त्याईनं तिकडंच जा म्हना."

कोणीतरी फिस्सकन हसलं. शिपायानं दुसरी काढली, "उकंडू." पुन्हा हसू. तिसरी, झिबल. आता पोरंही हसायला लागली, म्हाताऱ्यांनी तोंडाला धोतराचा सोगा लावला. आणि मग, कसं कोण जाणे, हसू सरलं. एकेका घराला आपला मेलेला माणूस नोटीस होऊन परत मिळत होता. त्यात लिहिलं होतं की तू चोरून पेरलंस, पंधराव्या दिवशी साहेब जागेवर येतील, हरकत असल्यास समक्ष हजर राहा, नसता पीक मोडण्यात येईल. सुभद्राकाकूचा आवाज एकदम खाली आला, आणि तिचा खालचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "आपुन इतके अर्ज धाडले," ती म्हणाली, "म्या म्हनत होती, वाचत असतीन, पन मनात घेत नसतीन. अवो, त्याईले तं हेबी मालूम नाई का आपल्यातलं कोन जित्तं हाये आन् कोन मेलं." मग तिनं शिपायाच्या हातून कागद ओढून घेतला. "आन तो. माया घरच्यालेच धाडला हाये ना? म्या घेतो."

मी पुढं तीस वर्षं अशाच एका हापिसात नोकरी केली. खुर्ची होती, पंखा होता आणि टेबलावर याद्या यायच्या. त्या खुर्चीत बसल्यावर मला कळलं की तिथली माणसं दुष्ट नसतात, बहुतेक चांगलीच असतात, डबा वाटून खातात. त्यांना फक्त यादीपलीकडचं काही दिसत नाही. मी कुठल्याही यादीवर सही करायच्या आधी विचारायची, ही माणसं आहेत का हो, कोणी बघितलीत का? माझ्या माघारी मला त्यावरून नाव पडलं होतं. बंड का होतं, याची पुस्तकातली चार कारणं मी आजही खोटी म्हणणार नाही. पण खाऱ्या विहिरीवर आमचं कोणी उठलं नव्हतं, रस्त्यावर उठलं नव्हतं, गाव बुडालं तेव्हाही रडत का होईना सामान बैलगाडीत भरलं होतं. लोक उठले ते त्या कडुनिंबाखाली, ज्यांच्या हुकमावर आपण जगतो त्यांना आपण जगतो हेच ठाऊक नाही असं कळलं तेव्हा.

बाबांकडं लोक दोन तऱ्हांनी बघायला लागले. काही म्हणत, यानंच नावं दिली. काही म्हणत, बापा, काय बनवलं हापिसाले! बाबा दोघांनाही सारखेच घाबरत. आणि सुभद्राकाकूच्या नजरेतून काही सुटत नसे. "देवाजीभाऊ, चिंधूची नोटीस नाई आली?" तिनं सगळ्यांदेखत विचारलं. बाबा म्हणाले, "येईन मांगून. म्या लिवून देलं होतं." त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी विहाराच्या भिंतीकडं तोंड करून उभी होते. तेव्हा सांगायला हवं होतं. दर दिवशी ठरवायची, आज सांगू, आणि दर दिवशी काहीतरी काम काढून बाहेर पडायची.

पंधराव्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर सगळे आधीच आपापल्या वावरात उभे होते, पेरणीच्या दिवशी राहतात तसे. आरडाओरडा नाही, झेंडा नाही. हरभऱ्याचे घाटे वाजत होते, तेवढाच आवाज. आठ दिवसांत काढणी आली असती. माय आमच्या तुकड्यात, नाल्याच्या काठी, कमरेवर हात देऊन एकटी. बाबांना हुकूम होता की पट्टीपाशी रजिस्टर घेऊन हजर राहावं, म्हणून ते खाकी शर्ट घालून तिथं, आणि त्यांच्यामागं मी. मग जीप आली, जीपमागं पोलिसांची गाडी आणि तिच्यामागं नांगर लावलेले दोन ट्रॅक्टर. मी पट्टीला धरून उभी राहिले.

साहेब तरणा होता. चिखलात बूट रुतले तेव्हा त्यानं खाली बघितलं आणि मला वाटलं, याला आपल्यापेक्षा घरी जायची घाई आहे. त्यानं यादी काढली. "सखाराम," त्यानं वाचलं.

"हजर," सुभद्राकाकू म्हणाली.

"तुम्ही सखाराम?"

"म्या त्याईची नातसून. तुमी त्याईले बलावलं, त्याईले येता येत नाई, म्हनून म्या आली."

साहेबानं बाबांकडं बघितलं. मग पुढचं नाव वाचलं. "उकंडू." "हजर," एक म्हातारा. "झिबल." "हजर," दोघे भाऊ एकदम. प्रत्येक नावाला साहेबाचा आवाज उतरत गेला. मधे एकदा त्यानं पान उलटून मागं काही लिहिलंय का तेही बघितलं. यादी संपली. त्यानं बाबांना विचारलं, "ही यादी तुमची? पूर्ण आहे?"

"हो साहेब. पुरी हाये."

"मग ती बाई कोण उभी आहे? त्या तुकड्याचं नाव यात नाही." त्यानं नाल्याकडं बोट केलं. साहेबाच्या मागं उभ्या असलेल्या जाडसर बाबूनं सांगितलं की बाकीच्यांच्या हरकती आल्या आहेत, त्या नोंदवाव्या लागतील, पण जिथं नावच नाही तिथं हरकतीचा प्रश्न येत नाही. तिथून सुरुवात करता येईल. साहेबानं ट्रॅक्टरवाल्याला हात केला.

पहिला ट्रॅक्टर सुरू झाला आणि मायकडं वळला. जे वावर वाचवायला मी चिंधूला यादीबाहेर ठेवलं होतं तेच सगळ्यांत आधी मोडायला निघाले होते, आणि तिथं माय होती. बाबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी मान खाली घातली आणि त्यांना सगळं कळलं. ते रागावतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा रजिस्टर दगडावर होतं, रजिस्टरवर टोपी होती आणि बाबा बोडक्या डोक्यानं नाल्याकडं चालत होते. घाईनं नाही. वाटेतला हरभरा तुडवला जाऊ नये म्हणून धुऱ्यावरून. त्या शंभरेक पावलांत त्यांची नोकरी गेली. कागद चार महिन्यांनी आला, पण गेली ती तेव्हाच, आणि 'ते' पुन्हा आमच्या घरात कोणी उच्चारलं नाही. ते मायच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ट्रॅक्टर दहा हातांवर आला होता.

"साहेब," बाबा ओरडले. वायरलेसवरही ते इतके मोठ्यानं बोलत नसत. "एक नाव राह्यलं. चिंधू, राहनार धामणखेडा. हजर!"

पलीकडून सुभद्राकाकू ओरडली, "हजर!" मग उकंडूच्या वावरातून, झिबलच्या वावरातून, पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत तेच. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बिडी पेटवली. माणसाच्या अंगावर नांगर घालायची आपली भाकर नाही, असं तो कोणाला उद्देशून न बोलता बोलला.

साहेबानं यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग बाबूला म्हणाला, नवीन इसमाचं नाव आलं आहे, त्याला रीतसर नोटीस द्यावी लागेल, पंधरा दिवसांची, तोवर कोणाचंच पीक मोडता येणार नाही. बाबू काही बोलायला गेला तर साहेबानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. पंधरा दिवसांत हरभरा घरात येतो हे त्याला ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कागद आले, पुन्हा उभं राहावं लागलं, त्याच्या पुढच्याही वर्षी. पण त्या वर्षीचा हरभरा आम्ही काढला.

यादी हातात धरून साहेब माझ्यासमोर आला. शेवटच्या ओळीखालच्या निळ्या ठिपक्यावर त्यानं बोट ठेवलं. "हे अक्षर तुझं?"

नाही म्हणावंसं फार वाटलं. "हो," मी म्हणाले.

"मग लिही," तो म्हणाला, आणि खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

बाबा नाल्याकडून परत येऊन माझ्या मागं उभे राहिले होते. मला वाटलं, आता बोलतील, आता विचारतील काऊन लिवलं नाई म्हणून. नुसत्या हातावर धरलेल्या कागदावर पेन टेकेना. बाबांनी दगडावरचं रजिस्टर उचललं, टोपी बाजूला केली आणि कागदाखाली आधाराला धरलं.

"अक्षर चांगलं काढजो बाई," ते म्हणाले. "बुढ्याचं नाव पयल्यांदा कागदावर चढून राह्यलं."